मोज्यातली नळी

पोलीसबाईनं तिपाई रस्त्याच्या कडेला टेकवली, तिच्यावरचा माइक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर आणला आणि खिशातली टेप काढून अंतर पुन्हा एकदा मोजलं. मग कोन मोजला. मास्तर तिच्याकडे कौतुकानं बघत होते. नियमानं काम करणारं माणूस दिसलं की त्यांना बरं वाटायचं, मग ते माणूस त्यांच्याच मोटरसायकलमागे का लागलेलं असेना.

"बघितलंस? दोनदा मोजलं," ते बायकोला म्हणाले. "आपल्याकडे एकदा तरी मोजतं का कुणी?"

बायको हेल्मेट पोटाशी धरून मागच्या चाकाजवळ उभी होती. तिच्या गुडघ्याशी गाडीला अडकवलेली डावी पेटी होती. पेटीच्या तळाशी, मास्तरांच्या जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली वीतभर लांबीची एक लोखंडी नळी होती, आणि या परक्या देशात ती गोष्ट आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही असा तिचा हिशेब होता.

पोलीसबाईनं तळहात हळूहळू वर नेत खूण केली. मास्तरांनी तेवढ्याच सावकाशीनं रेस वाढवली. रस्त्यापलीकडच्या अंगणात एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनं ओली चादर खांद्यावर टाकली आणि दोन्ही कान झाकून घेतले. मीटरवर एकशे तीनचा आकडा आला. पोलीसबाईनं गाडीचा कागद उघडून त्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. एक्क्याण्णव.

मग तिनं फोन काढला, आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि फोन पुढे धरला.

"आपल्या वाहनाचा ध्वनी मर्यादेबाहेर आहे," फोन मराठीत म्हणाला, स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतात त्या सुरात.

"दाखवा, वाचतो," म्हणत मास्तरांनी हात पुढे केला.

आपला फोनच मागतोय की काय, असं वाटून पोलीसबाई एक पाऊल मागे सरली. बायकोनं मध्ये पडून स्वतःच्या डोळ्यांकडे बोट केलं, तेव्हा कुठे तिनं पडदा वळवून दाखवला. मास्तरांनी वाचलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. स्वतःच्या अंगणात वळताना इंडिकेटर देणारा माणूस. बघायला अंगणात एखादं मांजर असलं तर असलं. वर्गात पंखा बंद करून ते सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, रस्त्यावरून काय येतंय? ट्रक की रिक्षा? जवळ की लांब? मग फळ्यावर लिहायचे : आधी ऐका, मग बघा, मग हला. या सहलीसाठी त्यांनी प्लास्टिकचं कव्हर घातलेल्या वहीत इथले सगळे नियम उतरवून घेतले होते. दिवसासुद्धा दिवा चालू. चमकणारी जाकिटं दोन, हाताशी येतील अशी. वस्तीत हॉर्न नको. थांबा लिहिलेलं असेल तिथं पाय टेकवूनच थांबायचं, रस्ता रिकामा असला तरी. आणि एका पानावर, लाल शाईनं, आवाजाची मर्यादा.

"सांग तिला," ते बायकोला म्हणाले, "मी या गाडीचा एक स्क्रूसुद्धा इकडचा तिकडे केलेला नाही."

ते खरंच होतं. बायकोला ते बोचलं ते म्हणूनच.

पोलीसबाईनं वाकून सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारला आणि कडेच्या एका रिकाम्या भोकाला बोट लावलं. फोन पुन्हा बोलला, आणि या वेळी तिनं न सांगताच पडदा मास्तरांपुढे धरला. "आतील भाग अनुपस्थित आहे. भाग सोबत असल्यास बसवावा. नसल्यास वाहन येथे राहील."

मास्तरांनी ते वाचलं, भोकाकडे बघितलं आणि मग समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. बायकोकडे त्यांनी बघितलं नाही.

गाडी इथं राहील म्हणजे अकरा वर्षं ठरवलेली सहल सहाव्या दिवशी संपणार. दोघं ट्रेननं विमानतळाकडे परत जाणार, मांडीवर हेल्मेटं घेऊन. ते एक वेळ तिला चाललं असतं. पण जन्मात एक सिग्नल न मोडलेला हा माणूस उरलेलं आयुष्य घोकत बसणार, की आपल्या हातून नियम मोडला आणि कसा मोडला ते आपल्याला कळलंही नाही.

गाडीचा आवाज गेल्याची तक्रार त्यांनी उन्हाळ्याच्या सुरुवातीला केली होती. तीनदा मिस्त्रीकडे घेऊन गेले. तिसऱ्या वेळी मिस्त्री त्यांच्यामागून घरी आला आणि दारातच, आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, गाडी ठणठणीत आहे. मास्तरांना जरा कानाच्या डॉक्टरकडे न्या." आवाज खाली आणायची गरज नव्हती. मास्तर आतल्या खोलीत बातम्या बघत होते आणि त्या बातम्या कोपऱ्यावरच्या न्हाव्यालाही ऐकू जात होत्या.

डॉक्टरकडे नेलंही होतं तिनं. पहिल्यांदा ते जिन्यातूनच परत फिरले, म्हणाले फार गर्दी आहे. आत दोन माणसं होती. दुसऱ्यांदा घरूनच निघाले नाहीत.

मग एका रविवारी ते गाडी पुसता पुसता पायरीवर बसले. गाडी चालू होती. त्यांनी मान कलती केली, बराच वेळ तशीच ठेवली आणि म्हणाले, "झालं हिचं. विकून टाकू. सहल वगैरे राहू दे." घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलले. फडकं हातात तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रीकडे गेली.

"आवाज वाढवता येतो का हो?"

"येतो की. सायलेन्सरच्या आतली नळी काढली की झालं. पण बाहेरच्या देशात नेणार आहात ना? अडकवतील तिथं."

"निघायच्या आधी बसवून घेऊ."

चार मिनिटांचं काम. स्क्रू घरंगळत गटारात गेला, तेव्हा मिस्त्री म्हणाला, बसवताना नवा टाकू. पुढच्या रविवारी मास्तरांनी बटण दाबलं, आणि दोन वर्षांत न दिसलेलं काहीतरी त्यांच्या तोंडावर पसरलं. "बोलायला लागली गं!" त्यांनी बायकोला तशीच, घरातल्या चपलांवर, गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत फिरवून आणलं. त्यानंतर निघेपर्यंत नऊ रविवार आले. प्रत्येक शनिवारी ती ठरवायची, उद्या सांगू. शेवटी तिनं नळी मोज्यात घातली आणि पेटीच्या तळाशी ठेवली.

पहिल्याच गावात एका बाईनं मांडीवरच्या बाळाचे कान झाकले. तेव्हापासून प्रत्येक वस्तीत शिरताना बायको मागच्या मागे हात वर करत आली होती. माफ करा. माफ करा. दुकानदारांना, सायकलवाल्यांना, खिडकीतल्या म्हाताऱ्यांना. मास्तरांनी आरशात ते बघितलं होतं.

"तू काय निवडून आलीस का गं? सगळ्यांना हात करत सुटलीयस."

एका म्हाताऱ्यानं तर उलट हात करून तोंडभर हसून दाखवलं होतं. तो तिला सगळ्यांत जास्त लागला.

पोलीसबाईनं घड्याळ बघितलं. बायकोनं हेल्मेट जमिनीवर ठेवलं आणि पेटी उघडली. रेनकोट काढला, गोळ्यांची पिशवी काढली, तळाचा मोजा काढला. त्याचं इलॅस्टिक गेलेलं होतं, नळी आपोआपच तिच्या हातात सरकली.

ती मास्तरांच्या समोर येऊन उभी राहिली. अलीकडे त्यांना काही सांगायचं तर असंच समोर यावं लागे, आणि मोठ्यानं बोलावं लागे. त्यामुळे गुन्हासुद्धा तिला ओरडून कबूल करावा लागला.

"मी काढून घेतली. मिस्त्रीकडून. तुम्हाला न विचारता."

पोलीसबाईचा फोन चालूच होता. त्यानं ते वाक्यही इमानानं भाषांतरित केलं. तिनं ते वाचलं आणि आपल्या बुटांकडे बघायला लागली.

मास्तरांनी नळी घेतली. कधी, असं विचारलं नाही. का, असंही नाही. भाजीत मीठ कमी पडलं तरी दोनदा 'का' विचारणारा माणूस. त्यांनी मोज्याच्या टोकानं नळी पुसली, उजेडाकडे धरून आरपार बघितलं.

"पण स्क्रू नाहीये," ती म्हणाली. "तेव्हाच हरवला तो."

मास्तरांनी जाकिटाच्या आतल्या खिशातून पेपरमिंटची चपटी डबी काढली. तिच्यात एक फ्यूज होता, पेटीची जादा किल्ली होती आणि कागदाची एक घट्ट पुडी होती. त्यांनी ती सोडली. आत एक स्क्रू होता. कोरा, वायसरसकट, आट्यांना ग्रीस लावून ठेवलेला.

ते एक गुडघा टेकून बसले, नळी आत सरकवली, भोकाला भोक जुळवलं आणि सीटखालच्या पान्यानं स्क्रू बसवला. पहिल्याच फटक्यात बसला. त्याच भोकाच्या मापानं आणलेला होता तो.

बायको त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. दर रविवारी हा माणूस टूथब्रश घेऊन गाडीची सांद न् सांद घासतो. मडगार्डच्या आतल्या बाजूला सुकलेला चिखलाचा थेंब त्याला सापडतो. रिकामं भोक दिसलं नसेल? नऊ रविवारांच्या तिच्या हिशेबात हे कुठेच आलं नव्हतं. आणि मग तिला आठवलं, की गावाची पाटी दिसली की ते लांबूनच रेस सोडून द्यायचे, वरच्या गिअरवर गाडी नुसती घरंगळत न्यायचे. ती समजत होती, वहीत लिहिलंय म्हणून.

"म्हणजे तुम्हाला..."

"पाना धर," मास्तर म्हणाले.

पोलीसबाईनं फॉर्म काढला. एका रकान्यावर पेन टेकवून फोन पुढे धरला. "बदल कोणी केला?"

"मी," बायको म्हणाली.

मास्तरांनी वाचायला वेळ घेतला. "चालक म्हणून लिहा," ते म्हणाले.

"अहो, खोटं कशाला सांगता?"

"खोटं काय त्यात? गाडी रस्त्यावर कुणी आणली? निघायच्या आधी चालकानं गाडी तपासायची असते." ते हात पुसत होते, एकेक बोट वेगळं करून. "मी तपासली होती."

फोननं भाषांतर केलं. पोलीसबाईनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि रकान्यात एक शब्द लिहिला.

मास्तर गाडीवर बसले. बटण दाबलं. डावा तळहात टाकीवर ठेवून, थरथर चाचपत क्षणभर थांबले. हा तळहातही ती कित्येक दिवस बघत आली होती. आजवर तिला ते प्रेम वाटलं होतं. मग त्यांनी वळून तिच्याकडे बघितलं.

तिनं मान हलवली. चालू आहे.

मीटरवर नव्वद आले. पलीकडच्या अंगणातली बाई चादरीला चिमटे लावत होती. तिनं मान वर केली नाही. पोलीसबाईनं दंडाची पावती फाडून दिली, तिपाई मिटली, आणि जाता जाता बायकोच्या दंडाला उगाच एकदा हात लावून गेली.

गाडी आता शिवणयंत्रासारखी चालत होती. बायको मागे बसली होती. पुढच्या गावात शिरताना सवयीनं तिचा हात अर्धा वर आला. एका दुकानदारानं प्रश्नार्थक बघितलं, तेव्हा तिनं तो खाली घेतला. कुठे ठेवावा ते तिला कळेना.

गाव संपल्यावर चौक आला. थांबा लिहिलेली पाटी, जमिनीवर पांढरी रेघ. मास्तरांनी रेघेवर गाडी उभी केली, पाय टेकवला. डावीकडचा रस्ता वळणामागे गेलेला, उजवीकडचा सरळ. कुणी नव्हतं. तरी ते निघेनात.

"काय झालं?" ती म्हणाली. मग लक्षात आलं, की ती त्यांच्या पाठीशी बोलतेय.

हेल्मेट सरळ समोर होतं. ते डावीकडे बघत नव्हते, उजवीकडेही नाही. नुसते थांबले होते, वर्गात पंखा बंद केल्यावर थांबायचे तसे.

तिनं आपल्या हेल्मेटची काच वर केली. कुठेतरी खाली पाणी वाहत होतं. कुत्रं भुंकत होतं, लांब. आणि डावीकडून, वळणाच्या पलीकडून, काहीतरी जड येत होतं. तिनं त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि घट्ट दाबून धरला.

दुधाचा टँकर वळणावरून आला, त्यांच्यासमोरून गेला, दिसेनासा झाला. ती तरीही थांबली. टँकरचा आवाज पुरता विरला, पुन्हा पाणी ऐकू यायला लागलं. मग तिनं खांद्यावर दोनदा थोपटलं.

मास्तरांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. आणि मग गाडी हलली.