बिब्ब्याच्या शाईतली बाई

"आजोबा, काचेला हात लावू नका," पहारेकरी म्हणाला.

रंगनाथने हात मागे घेतला. काचेच्या आत त्याची आई होती. लुगडं वर खोचून हौदाच्या कडेला उभी, खांद्यावर पिळलेली चादर, तोंड जरा वर केलेलं. तिचा एकही फोटो नव्हता. होतं ते हे एवढंच, वीतभर कापडावरचं चित्र.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत भिंगारजवळच्या छावणीत गोरे जर्मन कैदी ठेवले होते आणि त्याची आई, लंकाबाई, त्यांचे कपडे धुवायची. त्यातल्या एका म्हाताऱ्याला चित्रं काढायची भारी हौस, पण शाई मिळेना. मग लंकाबाईने त्याला बिब्ब्याची शाई दिली. परीट त्या शाईने कपड्यांवर गिऱ्हाइकाची खूण करतात आणि कितीही आपटलं तरी ती जात नाही. त्याने चादरीच्या तुकड्यावर तिलाच काढलं. धुवायला दिलेला तो तुकडा बाकी धुण्यात हरवू नये म्हणून तिने कोपऱ्यात त्या म्हाताऱ्याची खूण घातली, दोन ठिपके आणि एक रेघ. त्याने तो परत न्यायच्या आत गोऱ्यांना दुसरीकडे हलवलं आणि कापड परटाच्या घरीच राहिलं.

हे सगळं रंगनाथने आपल्या नातवाला, करणला, इस्त्रीच्या टेबलाशेजारी बसवून शंभरदा सांगितलं होतं. तो करण आता कॉलेजात इतिहास शिकवतो. "आजोबा, चार दिवस द्या, लोकांना पणजी दाखवू," म्हणून महिन्यापूर्वी त्याने कापड नेलं. प्रदर्शनाचं बोलावणं मात्र दिलं नाही. पोरगं कामात विसरलं असेल, असं म्हणून रंगनाथ आपणहून आला होता, तोही निम्म्या भिंगारला सांगून.

चित्राखाली पाटी होती. 'धुणं धुणारी अनोळखी स्त्री. श्रीरामपूरच्या जुन्या बाजारात मिळाले. संग्राहक : प्रा. करण दळवी.'

दळवी हे आडनाव त्याने नोकरीला लागताना घेतलं. परीट नको, लोक आधी आडनाव बघतात, म्हणाला होता. रंगनाथने तेही चालवून घेतलं होतं.

त्याने पाटी तीनदा वाचली. छापणाऱ्याची चूक असेल, असंही स्वतःला सांगून पाहिलं. तेवढ्यात करणच आला, बरोबर प्राचार्य आणि पुण्याच्या एक पाहुण्या बाई.

"ही कोपऱ्यातली खूण कसली?" बाईंनी विचारलं.

"चित्रकाराची सही असावी, मॅडम."

करण माहीत नसताना बोलला असता तर गोष्ट वेगळी. याच पोराने दुसरीत असताना हट्ट करून शाळेच्या सदऱ्यावर तीच खूण घालून घेतली होती.

करणने मान वळवली, आजोबा दिसले आणि तो गोरामोरा झाला.

"हे कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

"हे... आमचे कपडे यांच्याकडे असतात, सर. भिंगारला इस्त्रीचं दुकान आहे."

असतातच की. आता करणच्या अंगात होता तो सदराही रविवारी रंगनाथनेच इस्त्री करून दिला होता.

"अरे वा!" बाई खूश झाल्या. "मग बाबा, तुमच्यापैकी कुणी ओळखतं का हिला?"

करण त्याच्याकडे बघत होता. लहानपणी काही फोडलं की बघायचा, तसाच. कान धरून त्याला काचेसमोर उभं करावं, असं रंगनाथला वाटलं. पण त्याने हात पाठीमागे नेले.

"न्हाई वो बाई. लई जुनं हाय. पर हातात ताकद हुती तिच्या. एवढी चादर एकटीनं पिळलीया, दोघांचं काम हाय ते."

"किती छान निरीक्षण!" म्हणत बाईंनी ते टिपून घेतलं.

करणने सुस्कारा सोडला आणि रंगनाथला तो ऐकू आला. नातवाने तिला परकी केलं होतं, पण तोंडाने 'ओळखत नाही' म्हणाला तो तिचा पोटचा मुलगा. हे त्याला आयुष्यभर पुरणार होतं.

पाहुणे पुढे सरकल्यावर करण जवळ आला. "आजोबा, रविवारी येतो घरी. सगळं समजावून सांगतो."

"कापड कवा देतू?"

"ते पुण्याच्या संग्रहालयाला दिलंय. कायमचं. तिथं नीट जपतील."

"तुज्या नावानं दिलं?"

प्राचार्यांनी हाक मारली तसा करण गेला.

दाराशी टेबलावर वही होती आणि मागे एक मुलगी बसली होती. "आजोबा, नाव-गाव लिहून जा ना."

रंगनाथने चष्मा चढवला. शाळा चौथीपर्यंतची, अक्षर सावकाशीचं. त्याने लिहिलं, 'लंकाबाई सखाराम परीट, भिंगार.'

मुलीने वही फिरवून वाचलं. "हे तुमचं नाव नाही. आलेल्या माणसाचंच लिहायचं असतं. या कुठंयत?"

"त्या आत हायेत," रंगनाथ म्हणाला, आणि वाकून चपला शोधू लागला.