दहापैकी नऊ मार्कांची उशी

मित्रांनो, मी जुनी उशी आहे खरी, पण माझ्यावर डोकं ठेवून आजवर कुणीच झोपलेलं नाही. मी वीतभर लांब, अर्ध्या चंद्राच्या आकाराची. माझी जागा काखेत. एवढ्याशा उशीचं कसलं निरूपण लावलंय, असं म्हणू नका. देवाला यायचंच असलं तर वीतभर जागाही त्याला पुरते. जरा बसा, ऐका.

माझा जन्म एका चुकीतून झाला.

एका गल्लीत शिवणाचं दुकान होतं. काकू मापं घेत आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ती वहीत लिहून कापड बेतत. मास्तरांना ऐकू कमी येई, म्हणून काकू मापं ओरडून सांगत. "बाही नऊ! खांदा चौदा!" वीस वर्षं हेच चाललेलं. गिऱ्हाइकं हसून म्हणत, "काकू, माझी कंबर पलीकडच्या गल्लीत पोचली हो!"

एके दिवशी गणिताच्या बाई आल्या. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन करून डावा स्तन काढला होता आणि पुढे दर तीन आठवड्यांनी एक, अशी औषधाची सहा सलाइनं घ्यायची होती. दोन झाली होती. जुने ब्लाउज आता अंगावर नीट बसत नव्हते, म्हणून ते घेऊन त्या आल्या होत्या. काकूंनी टेप लावली, आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "अहो, डावीकडे काहीच नाही! सपाट धरा!"

बाकावर चार बायका बसल्या होत्या. चौघींनी एकदम माना खाली घातल्या. बाई एवढंच म्हणाल्या, "राहू दे काकू, मला घाई नाही." आणि ब्लाउज तिथेच टाकून निघून गेल्या.

मास्तर म्हणाले, "काय बोललीस गं? मला ऐकू आलं नाही, पण त्यांचा चेहरा पुसलेल्या फळ्यासारखा झाला."

दहा दिवसांनी बाईंचे यजमान ब्लाउज न्यायला आले. ते दाराबाहेरच उभे राहिले. "ती तिसऱ्या सलाइनला गेली नाही," ते म्हणाले. "कुणाच्या नजरेला पडायचं नाही म्हणते. डॉक्टर सांगतात, मध्येच सोडलं तर आजार लवकर परत येईल."

त्या रात्री काकूंनी चिंध्यांचं गाठोडं सोडलं. बाईंच्या ब्लाउजांची वीस वर्षांतली उरलेली कापडं त्यात होती. त्यांतून त्यांनी मला शिवलं. ऑपरेशनच्या जागी हात घासतो, गाडीच्या हिसक्यांनी कळ जाते, असं त्यांनी ऐकलं होतं. मला कापसाने ठासून भरलं. पश्चात्तापाला हात आखडता घेता येत नाही ना!

मी बाईंच्या घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. माझ्यासोबत लाल शाईची चिठ्ठी होती : "भरणी जास्त. दहापैकी चार."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकू मात्र उठून उभ्याच राहिल्या. "अहो, मार्क दिलेत!" त्या मास्तरांच्या कानाशी ओरडल्या. "म्हणजे पेपर तपासला!" त्यांनी माझी शिवण उसवली, दोन मुठी कापूस काढला आणि मला स्वतः घेऊन गेल्या.

बाईंच्या डोक्यावर केस उरले नव्हते. घर इतकं गप्प होतं, की घड्याळाचाही राग यावा. पहिल्या महिन्यात माणसांची रीघ लागली होती म्हणे. आता कुणी फिरकत नव्हतं.

"बाई, माझी जीभ झडली का नाही," काकू म्हणाल्या.

"झडली असती तर मास्तरांना मापं कुणी सांगितली असती?" बाई हसल्या नाहीत. "खोटं काही बोलला नाहीत तुम्ही. पण त्या चौघी मला रोज शाळेच्या रस्त्यावर भेटणार, काकू."

काकूंनी मला बाईंच्या मांडीवर ठेवलं. मग काकू म्हणाल्या, "गुरुवारी मी येते तुमच्याबरोबर. गुरुवारी दुकान बंद असतं."

"कधीपासून?"

"या गुरुवारपासून."

बाईंनी मला काखेत धरलं. त्या गुरुवारी त्या तिसऱ्या सलाइनला गेल्या.

मित्रांनो, माझ्या कामाचे दिवस ते एवढेच. उरलेली चार सलाइनं. खड्डा आला की बाई मला घट्ट दाबत. काकू शेजारी बसून काजं करत. 'धीर धरा' असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. बाईंच्या तोंडाला लोखंडाची चव येई, म्हणून काकूंनी लाकडी चमचा नेला. मास्तरांनी मऊ सुती टोपी शिवली आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली, उघड्या डोक्याला टोचू नये म्हणून. एक नर्स म्हणाली, "बाई, टोपी उलटी घातलीत." बाई म्हणाल्या, "माझं सगळंच उलटं झालंय, टोपीनेच काय घोडं मारलंय?"

सहावं सलाइन संपलं, तेव्हा बाईंनी मला उलटसुलट पाहून निकाल दिला, "दहापैकी नऊ."

"एक कुठे कापलात?"

"सांगेन कधीतरी."

बाई शाळेत परत गेल्या. तीन वर्षं त्यांनी फळा लिहिला. मग आजार हाडांत परत आला, आणि त्या वेळी कुणाच्याच प्रेमाचं काही चाललं नाही. बाई गेल्या. यजमानांना मी नजरेसमोर सोसवेना. मी माळ्यावर गेले. धूळ, अंधार आणि मी. वर्ष गेलं की दोन, कोण जाणे.

एकदा माळा आवरताना मी यजमानांच्या हाती लागले. माझ्या शिवणीत खोचलेली चिठ्ठी तेव्हा त्यांना दिसली. ती वाचून ते मला थेट दुकानात घेऊन आले. चिठ्ठीत लाल शाईने लिहिलं होतं :

"काकू, एक मार्क कापला, कारण अंगाकडच्या बाजूची तुमची शिवण मला टोचत होती. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्यांदा मोडला असतात. पुढच्या बाईसाठी ती बाहेरच्या बाजूला घ्या, अंगापासून दूर, टोपीसारखी."

काकू तिथेच खाली बसल्या. मी तर सुन्नच झाले. चारही गुरुवार ज्यांना मी आधार देत होते, त्यांना मीच टोचत होते; आणि त्या मला जवळ धरून गप्प राहिल्या होत्या.

आता माझी शिवण बाहेरच्या बाजूला आहे. मी उलटी दिसते. दुकानात आता मापं ओरडत नाहीत. पडद्याआड घेतात आणि काकू ती चिठ्ठीवर लिहून मास्तरांना देतात. गेल्या आठवड्यात तसंच ऑपरेशन झालेली, लेकराचा हात धरलेली एक बारीकशी आई आली. टेप लावण्याआधी काकूंनी मला तिच्या काखेत ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "कुठे टोचतंय का गं?"

मित्रांनो, मला सांभाळा, धुऊन उन्हात वाळवा, पण माळ्यावर टाकू नका. गल्लीत कुणीतरी नेहमीच आजारी असतं. त्यांच्याकडे पहिल्या महिन्यात जा, आणि सगळे यायचे थांबले की आणखी एकदा जा. आणि तुम्ही नेलेली माया त्यांना टोचत तर नाही ना, तेवढं विचारा. हळू आवाजात.