यादीत नसलेलं नाव

मी चौदा ओळींचा एक पहारेकरी बोलतोय. माझ्या हातात काठी नाही, अंगावर गणवेश नाही. नांदेडमधल्या मुलींच्या एका खासगी वसतिगृहाच्या कार्यालयात कपाटाशेजारी एक काळी पेटी दिवसभर गुरगुरत असते. ती त्या वसतिगृहाच्या वेबसाइटचा सर्व्हर. त्या पेटीत मी राहतो. आता मी काही काम करत नाही. पण मला विसरता येत नाही.

मला, म्हणजे प्रोग्रॅमच्या या चौदा ओळींना, आनंदराजनं लिहिलं. कॉलेज संपवून त्याला वर्षही झालं नव्हतं. वसतिगृहाचा प्रवेश अर्ज ऑनलाइन करायचं त्याचं हे पहिलंच मोठं काम. चाचणी घेताना दोन जुन्या फोनवर अर्जाची मांडणी मोडली, शेवटचं बटण पडद्याबाहेर गेलं. अर्ज सुरू व्हायला चार दिवस उरले होते.

त्यानं त्याच्या वरच्या शिवकुमारला सांगितलं. शिवकुमार उदगीरचा, दहा वर्षं याच धंद्यात.

"अण्णा, मी दारातच विचारतो, कोणता ब्राउझर आहे म्हणून. यादीत नसला की बाहेरूनच परत."

"नाव विचारून काय कळतंय रे?" शिवकुमार म्हणाला. "कुणी खोटं नाव सांगतंय, कुणी तू कधी न ऐकलेलं. सगळ्यांना आत घे. ज्याच्या फोनला जेवढं जमतंय तेवढं दिसू दे. बटण बाहेर जातंय ना? मग बटण नीट कर."

"वेळ न्हाई अण्णा. आणि फ्रेमवर्कमध्ये ही सोय आयतीच हाय."

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा. त्यात माझ्यासारख्यांसाठी जागा आधीच ठेवलेली असते. आनंदराजनं तासाभरात मला तिथं उभं केलं आणि सात ब्राउझरांच्या नावांची यादी माझ्या हाती दिली.

तुम्ही वेबसाइट उघडता तेव्हा तुमचा ब्राउझर, म्हणजे ती दाखवणारं फोनमधलं ॲप, आधी स्वतःचं नाव सांगतो. तुम्हाला ते ऐकू येत नाही, मला येतं. नाव यादीत असलं की मी बाजूला व्हायचो. नसलं की एकच पाटी दाखवायचो: 'आपला ब्राउझर जुना आहे. कृपया नवीन ब्राउझर वापरावा.' किती ब्राउझर दुसऱ्याचं नाव सांगून माझ्यासमोरून आत गेले! मी त्यांना सोडलं. मला तेवढंच शिकवलं होतं.

जूनमध्ये अर्ज सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक नाव आलं, मी कधीच न ऐकलेलं. मी पाटी दाखवली. दहा मिनिटांनी तेच नाव पुन्हा. दुपारी पुन्हा. दुसऱ्या दिवशी तीनदा. मला वाटायचं, याला वाचता येत नाही की काय? चार दिवसांत ते नाव अकरा वेळा आलं आणि अकराही वेळा मी त्याला परत पाठवलं. बाराव्यांदा ते आलं नाही. अर्जाची मुदत संपली.

जुलैत प्रवेशाची यादी लागली. त्यानंतर एक गृहस्थ कार्यालयात आले. पांढरा सदरा, हातात रुमालात गुंडाळलेला फोन. हिमायतनगरचे व्यंकटी. अधीक्षक शिवकन्याताईंसमोर त्यांनी फोन ठेवला.

"बाई, माझी लुंबिनी चार दिस फारम भरून राहिली व्हती. दर खेपंला एकच लिहून येतंय. फोन जुना हाय म्हणतंय. हाव, जुना हाय. पर चालतोय की."

"दुसऱ्या फोनवरून भरायचा ना, काका."

"घरात ह्यो एकच हाय, बाई."

आनंदराज त्या दिवशी प्रिंटर बघायला आला होता. त्यानं फोन हातात घेतला, वेबसाइट उघडली. मी पाटी दाखवली. मग तो पेटीसमोर बसला आणि त्यानं मला तात्पुरतं बंद केलं.

मुदत संपली होती, तरी चाचणीसाठी त्यानं अर्ज उघडला. नाव, गाव, शाळा, टक्केवारी, सगळे रकाने भरता येत होते. फोटो चढला. गुणपत्रिका चढली. शेवटचं बटण जागेवर होतं. फक्त वरची निळी पट्टी जरा वाकडी दिसत होती.

आनंदराजनं त्या निळ्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"म्हंजी जमत व्हतं?" व्यंकटींनी विचारलं.

"हाव काका. सगळं जमत होतं."

"मंग 'नाही' का म्हणत व्हतं?"

आनंदराज खाली मान घालून म्हणाला, "नाव विचारून परत पाठवत होतं, काका. माझ्या आज्याला गावात पाणी द्यायच्या आधी असंच नाव विचारायचे. त्यानंच मला सांगितलं होतं. आणि मी हे लिहिलं."

व्यंकटींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला ठाव नव्हतं, बाबा." ते रागावले असते तर बरं झालं असतं.

शिवकन्याताईंकडे खाट शिल्लक नव्हती. त्यांनी लुंबिनीचं नाव प्रतीक्षा यादीत सगळ्यात वर लिहिलं. ती हिमायतनगरहून रेल्वेनं रोज कॉलेजला येऊ लागली. आनंदराजनं जुन्या नोंदी काढल्या. मी दोनशे सोळा वेळा पाटी दाखवली होती. पण माझ्याकडं माणसांची नावं नव्हती, फक्त ब्राउझरांची. कुणाला फोन करणार? कोणत्या गावाला जाणार?

दिवाळीच्या सुटीत एक खाट रिकामी झाली. आनंदराजनं कार्यालयातूनच व्यंकटींना फोन लावला.

"आता कशाला, साहेब," पलीकडून आवाज आला. "जाऊन येऊन लई थकली पोरगी. दसऱ्यालाच तिनं कॉलेजातून नाव काढलं."

"मी बोलू का तिच्याशी?"

"नको. ती तुमच्या त्या फारमाचं नाव बी काढू देत न्हाई."

आनंदराजनं माझ्या प्रत्येक ओळीपुढं खूण करून मला कायमचं निजवलं. अशा ओळी पुसल्या जात नाहीत, पण त्यांना कुणी हाक मारत नाही. परत पाठवलेली ती नावं मात्र अजून माझ्यापुढं येऊन उभी राहतात. चेहरा कुणालाच नसतो. त्यातलं एक अकरा वेळा येतं, आणि दर वेळी मला वाटतं, आता तरी ते विचारील, 'का?' ते विचारत नाही. मुकाट्यानं परत जातं.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी चांगलं काम करतो असं वाटलं तेव्हा आनंदराजनं माझी नक्कल आणखी तीन वेबसाइटवर लावली होती. दोन ठिकाणी जाऊन त्यानं ती काढली. तिसरी संस्था बंद पडल्यातच जमा आहे. तिथला पासवर्ड कुणाकडं आहे ते कुणालाच माहीत नाही. त्यानं पत्रं लिहिली, हेलपाटे घातले. वेबसाइट मात्र चालू आहे, अर्जही येतात. म्हणजे तिथं मी आजही जागा आहे. तीच सात नावांची यादी, तीच पाटी.

तुमच्या फोनवर कधी ती पाटी दिसली, तर तो मी असेन. माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमचा फोन जुना आहे म्हणून तुम्हाला जमणार नाही, असं मला काहीएक ठाऊक नाही. मी फक्त नाव वाचलेलं आहे. परत फिरू नका. तिथल्या माणसाला गाठा आणि त्याला विचारा, का?