सायकलवर बसून घेतलेलं माप

चष्म्याच्या दुकानात शिरल्यावर मी म्हणाले, "मला सायकल चालवताना घालायला नंबरचा गॉगल हवाय." दुकानदाराने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या नवऱ्याला विचारलं, "साहेब, मॅडमचा नंबर किती?"

नवऱ्याच्या कडेवर आमची लेक होती आणि ती त्याच्या खिशातलं पेन चोखत होती. "मला काय विचारता?" तो म्हणाला. "डोळे तिचे, सायकल तिची. मी फक्त पोरीला धरायला आलोय."

"मायनस साडेसहा," मी म्हणाले.

नंबर एवढा असला की साधा गॉगल माझ्या काय कामाचा? रस्ताच दिसणार नाही. आणि नेहमीचा चष्मा घालून सायकलवर बसावं, तर बाजूने वारा शिरतो आणि डोळ्यांना धारा लागतात. बाळंतपणानंतर पहिल्यांदा सायकल बाहेर काढली, तेव्हा टेकडीच्या उतारावर एक चिलट चष्म्याच्या आत गेलं. मी एका हाताने ब्रेक दाबत, दुसऱ्याने डोळा चोळत कडेच्या दगडांत जाऊन थांबले. पडले नाही, पण घरी येऊन लेकीला पाजायला घेतलं तरी एक डोळा उघडत नव्हता. तेव्हाच ठरवलं, डोळे नीट झाकणारं काहीतरी घ्यायचं, नाहीतर सायकल देऊन टाकायची. पोरीची आई पणाला लावून मला हौस भागवायची नव्हती. पण सायकल मला हवी होती. रविवार सकाळचा तो तास सोडला, तर अख्ख्या आठवड्यात माझ्या अंगाला कुणी ना कुणी लटकलेलं असतं.

"नाकापेक्षा मोती जड," अशा गॉगलची किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या होत्या. मग जरा थांबून, "पण घे बाई. हातपाय मोडून बसलीस तर तुझं आणि पोरीचं, दोघींचं मलाच करावं लागेल."

दुकानदाराने पहिल्यांदा जो गॉगल काढला, त्याच्या काड्यांवर खडे होते.

"लेडीजमध्ये हा जास्त चालतो."

"सायकलवर?"

"सायकलवर, लग्नात, कुठेही."

"लग्नाला मी सायकलने जात नाही."

नवरा खोकला. त्याचा तो खोकला म्हणजे हसू असतं.

शेवटी कानापर्यंत वळलेली, वारा अडवणारी एक फ्रेम निघाली. काच काळीभोर घ्या, असा त्याचा हट्ट. मी तपकिरी मागितली, कारण उतारावर झाडांची सावली असते आणि काळ्या काचेतून सावलीतला खड्डा दिसत नाही. हे मी नीट समजावून सांगितलं, तर तो नवऱ्याकडे बघून म्हणाला, "मॅडमची चॉइस." मग मला खुर्चीत बसवलं, ताठ बसा, समोर बघा म्हणाला, आणि माझी बुबुळं जिथे येत होती तिथे नमुन्याच्या काचेवर मार्करने दोन ठिपके दिले. बोलणं तेवढ्या वेळातही चालूच होतं, नवऱ्याशी, गाडीच्या मायलेजबद्दल.

गॉगल तयार होऊन आला. अंगणात उभं राहून पाहिलं तर समोरच्या घराच्या खिडकीचे गजसुद्धा मोजता आले. पण सायकलवर बसून हँडलवर वाकले, आणि रस्ता पाण्यातून बघितल्यासारखा हलायला लागला. नसलेले खड्डे दिसायला लागले, म्हणजे असलेल्यांचा काय भरवसा? उतार मी सायकल हातात धरून उतरले.

"सवय होईल," दुकानदार म्हणाला.

सवय झाली नाही. मी पुन्हा गेले. या वेळी त्याने निदान शोधून ठेवलं होतं. "बाळंतपणानंतर डोळे नाजूक होतात. रात्री झोप होते का?" आणि नवऱ्याला, "साहेब, त्यांना जरा आराम द्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोर झाल्यापासून हेच चाललंय. मी चिडले तर झोप नाही म्हणून, विसरले तर बाळंतपण म्हणून, आणि आता त्याची काच चुकली तरी दोष माझ्या कुशीचा. उद्या दुकानाचं शटर अडकलं तरी म्हणेल, मॅडम, तुमचं अंगावरचं दूध चालू आहे ना?

कारण सापडलं ते घरात, फरशीवर. लेक नुकती रांगायला लागली होती. तिला गॉगल ओढायला आवडतो, म्हणून तो घालून मी तिच्यामागे चार पायांवर धावत होते. ती दाराकडे निघाली. मी मान खाली ठेवून नुसते डोळे वर केले, तर दार फिसकटलेलं. हनुवटी उचलली, दार स्वच्छ. पुन्हा वाकले, पुन्हा फिसकटलं. सायकलवर वाकलं की मी काचेच्या वरच्या कडेतून बघते, आणि नंबर बसवलाय मधोमध. खुर्चीत बसून मापलेला गॉगल खुर्चीत बसायलाच बरा.

शनिवारी भर गर्दीत मी सायकल घेऊन त्या दुकानाच्या काचेच्या दारातून आत शिरले.

"मॅडम, सायकल बाहेर लावा."

"माप घ्यायचंय."

माझ्या मागोमाग आलेल्या सासूबाई पोरीला घेऊन त्या मापाच्या खुर्चीत बसल्या. नवऱ्याने मागचं चाक दोन पायांत धरलं. मी सीटवर चढले, हँडल धरून वाकले आणि म्हणाले, "आता ठिपके द्या."

"मान जरा वर करा."

"रस्त्यावर मी मान वर करत नाही. तुम्ही खाली व्हा."

तो आधी कमरेत वाकला. जमेना, म्हणून उकिडवा बसला. शेवटी दोन्ही गुडघे टेकून, खालून वर माझ्या तोंडाकडे बघत त्याने मार्कर लावला. ठिपके जवळजवळ फ्रेमच्या वरच्या कडेला गेले. आधीचा गॉगल शेजारी धरून त्याने ठिपके ताडून पाहिले आणि तो म्हणाला, "साहेब, हे बघा…"

"मला दाखवा," मी म्हणाले.

त्याने मला दाखवलं. "फरक आहे."

"आणि माझी झोप?"

"ऐक, तुझी आई बोलणारच," खुर्चीतून सासूबाई लेकीला म्हणाल्या.

त्याने मार्करला टोपण लावलं. मग म्हणाला, "नंबर काचेत एवढा वर बसवला तर चालताना नीट दिसणार नाही."

"हा घालून मी चालणार नाहीये."

"उतारावर किती लांबचं बघता?"

एवढ्या खेपांमधला मला विचारलेला हा पहिला कामाचा प्रश्न. मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं. चूक झाली, असं काही तो म्हणाला नाही. काचा मात्र नव्या करून दिल्या.

रविवारी टेकडीच्या माथ्यावर एक पाय टेकून मी हँडलवर वाकले. खडीचा दगड नि दगड वेगळा दिसत होता, आणि सावलीतला खड्डा, आणि त्या खड्ड्यात पडलेली फांदी. मी ब्रेक सोडले. खालच्या वळणावर पोचले तरी राग शिल्लक होता. परतीच्या चढाला तोच कामी आला.