धनजची फळी

भागचंदने दोन फळ्यांमधला बोल्ट आणखी एक पेच आवळला आणि गाडी पुन्हा सोडली. कारंजा सुटलं, पूल गेला आणि धनजच्या तोंडाशी शेवटचा डबा पुन्हा रुळावरून उतरला. समोरची माणसं हसली नाहीत. त्याला ते हसण्याहून जड गेलं.

१९७४च्या जानेवारीत मालेगावच्या शाळेत छंद-प्रदर्शन भरलं होतं. भिंतीलगत पोस्टाची तिकिटं आणि काड्यापेट्यांची चित्रं, मधोमध पाच टेबलांवर भागचंदची छोटी रेल्वे. प्रत्येक स्टेशन वेगळ्या फळीवर. फळीच्या दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या जागी आणून सोडायचे. मग एकाने आपल्या घरी केलेली फळी दुसऱ्याच्या फळीला बिनचूक जोडता येते. हे माप भागचंद आणि जगदेव यांनी चार वर्षांपूर्वी मिळून ठरवलं होतं. भागचंदचं कारंजाला भांड्यांचं दुकान, जगदेवचं शेत धनजला, रुळाला लागून. एक दुकानावरच्या माडीत फळ्या करायचा, दुसरा गोठ्याशेजारच्या खोलीत.

गेल्या वर्षी वाशीमला त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. जगदेव कपाशीच्या वेचणीत अडकला होता, म्हणून मंचावर भागचंद एकटाच गेला. सगळं तुम्ही एकट्यानेच केलं का, असं कुणीतरी विचारलं. तो नुसता हसला. ते हसणं पेपरात होकार म्हणून छापून आलं. आठवड्याने जगदेव कारंजाला आला, आपल्या दोन फळ्या मागून घेतल्या आणि पोत्यात गुंडाळून घेऊन गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. राग निवळला की येईल आपणहून, असं भागचंद धरून चालला. धनज काही लांब नव्हतं. तरी वर्षभर त्याचं जाणं झालं नाही. शेवटी धनजची फळी त्याने स्वतःच केली, आठवणीवरून.

"टेबल कललं हाय. डाव्या पायाखाली काहीतरी द्या."

आवाज ओळखीचा होता. भागचंद वर बघेपर्यंत जगदेव खाली वाकला होता. त्याने खिशातलं एस.टी.चं तिकीट काढलं, चार घड्या घातल्या आणि टेबलाच्या पायाखाली सारलं. गाडी सोडली. शेवटचा डबा डुलत, पण रुळावरून, धनज ओलांडून गेला.

"चालली शेठजी," जगदेव म्हणाला.

आजवर त्याने भागचंदला भागू सोडून दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

तेवढ्यात प्रदर्शन भरवणारे चित्रकलेचे शेषराव गुरुजी पाहुण्यांना घेऊन आले आणि कारागीर कोण म्हणून विचारू लागले. या वेळी भागचंदने प्रश्न लोंबकळू दिला नाही.

"हे जगदेव, धनजचे. रूळ बसवणं मले यायनंच शिकवलं. यातलं अर्धं डोकं यायचंच हाय."

सगळे जगदेवकडे वळले. त्याने एका खांद्यावरचा शेला दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"नाही गुरुजी. मी धनजचा नाही, किन्हीराजाचा हाय. पाह्याले आलो होतो."

एवढं बोलून तो भिंतीलगतच्या पोस्टाच्या तिकिटांकडे सरकला आणि तिथून दाराबाहेर गेला. गुरुजी गोंधळले, भागचंदकडे पाहून हसले आणि पाहुण्यांना पुढे घेऊन गेले.

जगदेवची बायको रुख्मिणी मात्र फळीपाशी थांबली होती. स्टेशनाजवळच्या हिरव्या स्पंजच्या झाडाकडे ती पाहत होती.

"लिंबाचं झाड पल्याड होतं, भाऊजी."

"वहिनी, एवढा राग? मानसानं आपलं गावच नाकारावं?"

"नाकारलं नाही त्यायनं." ती हळूच म्हणाली. "उन्हाळ्यात किन्हीराजाले माह्या बाबाले लकवा मारला. वावर पाह्याले कोणी नाही. पोळ्यापासून आमी किन्हीराजालेच राह्यतो. धनजचं घर बंद हाय."

"मले कोणी सांगतलं नाही."

"तुमी आलेच कुठी?"

तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. भागचंदने फळीच्या कडेवरची नसलेली धूळ पुसली.

"अन् त्याच्या फळ्या?"

"खाटेखाली हायेत. तिथं रेल नाही, काही नाही. पहिले काही दिवस गाडीच्या टाइमाले उठून बसत. आता नाही बसत."

बाहेरून जगदेवने बस लागल्याचं सांगितलं. रुख्मिणीने पदर सावरला, "येतो भाऊजी" म्हणाली आणि निघाली. दारापाशी ती क्षणभर थांबली. भागचंदला वाटलं, आता वळून म्हणेल, एकदा या घरी. ती पायात चपला सरकवत होती.

ती गेल्यावरही तो दाराकडे तोंड करून उभा राहिला.

"शेठ, गाडी सोडता ना?" समोरचं कुणीतरी विचारत होतं.