दोन ब्रेकची गाडी

खुर्चीवर बसल्याबसल्या बाइंडरबाईंनी एक हात खांद्यावरून मागे नेला. तिथे गाडीतला सीटबेल्टचा पट्टा नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी तो तसाच केसांवरून फिरवून मांडीवर आणला. न्यायालयात कोणी हसलं नाही. फक्त शेवटच्या बाकावरून एक ओळखीचा खोकला आला. तो त्यांच्या नवऱ्याचा होता. त्याला एवढ्या लांबचं दिसत नव्हतं, पण शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून तो सगळं विचारून घेत असणार.

सरकारी वकील तरुण मुलगी होती. तिने दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडून घेतल्या होत्या. एकीवर बाई, दुसरी रिकामी.

"ही समजा गाडी," ती म्हणाली. "शिकवणीची गाडी, म्हणजे दोन ब्रेकची. एक तुमच्या पायाशी, एक शिकवणाऱ्याच्या पायाशी. बरोबर?"

"क्लचही दोन," बाई म्हणाल्या. "ॲक्सिलरेटर मात्र एकच. तो माझ्याकडे."

वकील मुलीने ओठ आवळले. सकाळी व्हरांड्यात तिने बाईंना अगदी मायेनं समजावलं होतं. "मावशी, एवढंच सांगा, की पाय शिकवणाऱ्या मास्तरांचे चालत होते. मग दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा त्यांच्यावर येतो आणि तुमचं नाव मी काढून घेते. तुम्ही मोकळ्या." बाईंनी मान हलवली होती, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं.

त्यांची पाळी यायला दुपार झाली. तोवर बाकावर बसून त्यांनी दोन खटले ऐकले. एक जण रात्री केस कापायच्या दुकानात घुसला होता. गल्ल्याला हात न लावता त्याने स्वतःचे केस कापले आणि त्याच खुर्चीत तो झोपून गेला. दुसऱ्याला दारू चढल्यावर वाटलं की आपली गाडी चोरीला गेली. तक्रार द्यायला तो पोलीस ठाण्यात गेला, तो त्याच गाडीतून. "बघ," नवरा कानाशी कुजबुजला होता, "यांच्यापुढे तू म्हणजे अगदीच सपक."

त्याला काय जातंय बोलायला, असं बाईंच्या मनात आलं होतं. पण खरं तर त्याचंच सगळं गेलं होतं. तीस वर्षं बाइंडिंगच्या दुकानातली डिलिव्हरी तोच करायचा. बाईंनी पानं शिवायची, पुठ्ठ्यावर कापड चढवायचं, रजिस्टरं दाबाखाली ठेवायची, आणि त्याने ती व्हॅनमध्ये घालून कचेऱ्या-कचेऱ्यांतून पोचवायची. मग त्याची नजर कडांकडून मिटत मिटत आली. व्हॅन दुकानासमोर उभी राहिली, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई गाडी शिकायला निघाल्या.

परीक्षेत त्या तीनदा नापास झाल्या, तिन्ही वेळा चढावर. चढावर थांबवलेली गाडी पुन्हा सुरू करताना हातभर मागे यायची आणि परीक्षक कागदावरची नजरही न उचलता "उतरा" म्हणायचा. सुईत एका झटक्यात दोरा ओवणारी ही बाई घरी येऊन आपल्याच पावलांकडे परक्यासारखी बघत बसायची.

"आता घटनेच्या दिवशी," वकील मुलगी म्हणाली, "शेजारी हे बसले होते." तिने मास्तरांकडे बोट दाखवलं.

मास्तर खटल्यातले पहिले आरोपी. बाई दुसऱ्या. बावीस वर्षं मास्तर गाडी शिकवत होते आणि बावीस वर्षांत त्यांनी एकही शिकवणी चुकवली नव्हती. त्या दिवशी त्यांच्या मुलीला मुलगी झाली. मित्रांनी दुपारी जेवायला धरून नेलं आणि जेवणाआधी जे होऊ नये ते झालं. घरी जाऊन झोपायचं सोडून हे चारच्या शिकवणीला हजर. तोंडात लवंग होती आणि ते नेहमीपेक्षा कमी ओरडत होते. आजोबा झाल्यावर माणूस असा निवळत असेल, असं बाईंना वाटलं. दुसऱ्या वळणानंतर मास्तरांची मान खिडकीकडे कलली.

"त्यांचे पाय ब्रेकवर होते?"

बाई उत्तर देणार, तेवढ्यात मास्तर उठून उभे राहिले. त्यांच्या वकिलाने त्यांची बाही धरली, ती त्यांनी सोडवून घेतली.

"साहेब, गाडी मीच चालवत होतो."

"अहो, काय बोलताय," वकील दबक्या आवाजात म्हणाला. गाडी बाई चालवत होत्या, आपण नुसते बसलो होतो, हे त्याने त्यांच्याकडून तीनदा घोकून घेतलं होतं.

"त्या गाडीत जे काही होतं ते माझ्या पायांनी होतं," मास्तर म्हणाले. "बाई नुसतं चाक धरून असतात. त्यांना सोडा."

त्यांनी हे बाईंच्या भल्यासाठीच म्हटलं होतं. तरी 'नुसतं चाक धरून' हे शब्द बाईंना असे लागले, की त्यांची पाठ खुर्चीपासून सुटली.

"मास्तर, तुम्ही घोरत होतात."

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं. तो कोण ते बाईंना वळून बघावं लागलं नाही.

न्यायाधीशांनी चष्मा काढून समोर ठेवला. "या खुर्चीत बसून मला अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "गाडी मी चालवत नव्हतो, असं सांगणारे रोज चार येतात. एकाने तर गाडी कुत्रा चालवत होता म्हणून सांगितलं. मीच चालवत होतो म्हणून भांडणारे दोघं मी आज पहिल्यांदा बघतोय." मग ते बाईंकडे वळले. "बाई, नीट ऐका. गाडी तुम्ही चालवत होता असं म्हणालात, तर शिकाऊ परवान्यावर देखरेखीशिवाय चालवल्याचा दोष तुमच्यावर येईल. दंड होईल आणि सहा महिने परीक्षा देता येणार नाही. गप्प राहायचाही तुम्हाला हक्क आहे."

"हो, साहेब."

"मग?"

"गाडी मी चालवत होते. सगळी मीच."

वकील मुलीने फाइल मिटली.

"सांगा तर," न्यायाधीश म्हणाले. "मास्तर झोपलेत हे कळल्यावर तुम्ही गाडी का थांबवली नाहीत?"

"थांबायला जागा मिळेना, साहेब." बाईंनी हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना खळ वाळून पांढरी झाली होती. "नाही, जागा होती. चार ठिकाणी होती."

"मग?"

"थांबवली असती, तर मला येतं की नाही हे मला कधीच कळलं नसतं. आजवर ब्रेक मी दाबायच्या आधी मास्तरच दाबायचे. गाडी थांबली ती माझ्यामुळे की त्यांच्यामुळे, हे आठ महिन्यांत मला एकदाही कळलं नाही. म्हणून नाही थांबवली. ते चूकच झालं."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. चौकात कितव्या गिअरवर वळल्या, शाळेपुढे वेग कितीवर आणला, सायकलवाल्याला किती जागा सोडली. आधी आवाज बारीक होता. पुढे पुढे हात खुर्चीसमोरच्या हवेतच चाक फिरवू लागले आणि टंकलेखन करणाऱ्या कारकुनाला दोनदा "जरा सावकाश" म्हणावं लागलं.

"मग पूल आला. चढ आला. आणि नेमका चढाच्या मध्यावर पुढचा ट्रक थांबला. मागे बस. आरशात बसचा नुसता नंबर दिसत होता, एवढी जवळ."

मास्तर कठड्यावर दोन्ही हात टेकून पुढे झुकले.

"ट्रक निघाला," बाई म्हणाल्या. "मग मीही निघाले."

"हँडब्रेकवर?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. अर्ध्या क्लचवर."

"अर्ध्या क्लचवर? आणि मागे किती आली?"

"नाही आली."

"हातभर तरी आली असेल."

"बोटभरही नाही आली, मास्तर."

मास्तरांचा चेहरा असा उजळला, की आपण कुठे उभे आहोत याचं त्यांना भान उरलं नाही. ते न्यायाधीशांकडे वळले. "बघा, साहेब! मागे बस असताना! अहो, परवाने मिळालेल्यांनासुद्धा हे जमत नाही. आणि मी मेला झोपलो होतो. बघायलाही मिळालं नाही."

त्यांच्या वकिलाने कपाळावर हात ठेवला. आपण काय बोलून बसलो हे मास्तरांना हळूहळू उमगलं, आणि ते खाली बसले.

"पुढे पोलिसांची नाकाबंदी होती," बाईंनी शेवटचं सांगून टाकलं. "शेजारचा माणूस गेलेला आहे असं हवालदारांना वाटलं. त्यांनी काचेवर टकटक केली. मास्तर जागे झाले आणि 'क्लच, क्लच' म्हणून ओरडले. गाडी तर केव्हाची उभी होती."

हसू विरेपर्यंत न्यायाधीश थांबले. मग मास्तरांना म्हणाले, "उभे राहा. बाईंना जमलं म्हणून तुम्ही आज इथे उभे आहात. नसतं जमलं, तर त्या बसमधल्या लोकांना काय सांगितलं असतंत? मुलीला मुलगी झाली म्हणून?"

मास्तर बुटांकडे बघत राहिले. "काही सांगता आलं नसतं, साहेब."

"दुसरा ब्रेक हा तुमच्या भरवशावर असतो. तो पाय शुद्धीत नसेल, तर चालवणारा आणि तुम्ही यांत कायदा फरक करत नाही." मास्तरांना दंड झाला. गाडी चालवायचा आणि शिकवायचा, असे दोन्ही परवाने वर्षभरासाठी गेले. बाईंना दंड झाला आणि परीक्षा सहा महिने पुढे गेली. न्यायाधीश बराच वेळ मान खाली घालून स्वतःच्या हाताने लिहीत होते.

खाली कारकुनाने निकालाची नक्कल बाईंच्या हातात ठेवली. "अपील करायचंय?"

"छे. नुसती घरी असू दे."

पायऱ्यांवर मास्तर त्यांची वाट बघत उभे होते. "दुसरा मास्तर बघा," ते म्हणाले. "तरुण बघा. आणि त्याला सांगून ठेवा, ब्रेकवरून पाय काढून बसायचं म्हणून. मला ते कधी जमलं नाही."

"नात कशी आहे?"

"मुठी वळून झोपते. मुलीने तिला मांडीवर घेऊ दिलं नाही अजून. म्हणाली, आधी निकाल लागू दे." त्यांनी रुमालाने मान पुसली. "आता विचारून बघतो."

ते चालत निघाले. आठ महिन्यांत त्यांना पायी जाताना बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. एकदा त्यांनी मागे वळून हाताच्या दोन बोटांत चिमूटभर अंतर धरून दाखवलं आणि मान डोलावली.

नवरा कठड्याला धरून पायरीवर बसला. "अगं, वाच की. एवढं घट्ट काय धरलंयस?"

बाई त्याच्याशेजारी बसल्या. त्यांनी तारीख वाचली, कलमं वाचली, दंड वाचला.

"ते नको. तू कुठे आहेस ते वाच."

"'आरोपी क्रमांक दोन यांनी सदर वाहन सुमारे अकरा किलोमीटर अंतर स्वतः चालवले, असे हे न्यायालय मानते.'"

"स्वतः म्हटलंय?"

"स्वतः म्हटलंय."

"पुढे?"

पुढच्या ओळीपाशी बाई थांबल्या. त्यांनी कागद जरा लांब धरला, मग जवळ घेतला. ही ओळ कोणी मागितली नव्हती, तिचा कशाशी संबंध नव्हता आणि ती शाईने नंतर घातलेली होती.

"'पुलाच्या चढावर वाहन मागे आले नाही.'"

नवरा काही वेळ रस्त्याच्या आवाजाकडे कान लावून बसला. "पुढे?" त्याने विचारलं.

"पुढे सही आहे."