राजाभाऊंच्या आंघोळीचं पाणी

"बा म्हाराजा, राजाभाऊंच्या आत्म्याला आंघोळीचं पानी पोचव रं म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

भाट्ये गावात राजाभाऊंच्या न्हाणीघरासमोर तीस-चाळीस माणसं हात जोडून उभी होती आणि गाऱ्हाणं चाललं होतं भिंतीवरच्या गिझरला. गिझरवर आकडा अठ्ठावीस, नळातून मात्र वाफा. आतून गुडगुड आली की अंगारे-धुपारे करणारे सखारामबुवा डोळे फिरवत आणि राजाभाऊंच्या बायकोला सांगत,

"आकडा थंड नि पानी उकळतंय! आत्म्याला आकडा कसला, ताई? एकवीस दिवस बटण बंद करायचं नाय. मेकॅनिकला तर शिवूच द्यायचं नाय!"

भुतं मेकॅनिकला फार भितात.

राजाभाऊ माझे शेजारी. तापात त्यांनी बायकोकडे मागितलं होतं, "कुसुम, ऊन पाण्यानं आंघोळ घाल गं." गिझर बिघडलेला. वहिनींनी मला फोन केला. मी आयटीआयमधून निवृत्त झालेला वायरमनचा मास्तर. म्हटलं, "उद्या येतो." पहाटेच राजाभाऊ गेले. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. बुवांना तेवढं पुरलं.

तेव्हापासून वहिनी रोज ती उकळती बादली भरून दारात ओतत होत्या. त्यांच्या दोन्ही हातांना फोड आलेले पाहिले आणि माझा संयम सुटला. मी मेन स्विच पाडला, गिझर निवू दिला आणि झाकण उघडलं.

"पाप लागंल, मास्तर!" शेजारची मालन ओरडली.

"लागू दे मला."

आत तापमान मोजणारा सेन्सर लोंबत होता. बोटाएवढी कांडी.

"ही टाकीच्या या नळीत बसायला हवी," मी म्हटलं. "बाहेर राहिली, म्हणून ती पाण्याऐवजी हवा मोजते. अठ्ठावीस! गिझरला वाटतं पाणी गारच आहे, तो तापवत सुटतो. उकळी फुटली की गुडगुड. अतीच झालं की सुरक्षेचा कटआउट वीज तोडतो, निवलं की पुन्हा जोडतो."

बुवा चपला शोधू लागले.

"पण ही बाहेर ठेवली कोणी?" मालननं विचारलं.

"मी. दहाव्याला पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी घाईत दुरुस्ती केली. ही खोचायची राहिली."

अंगण रिकामं झालं. वहिनी पायरीवर बसल्या होत्या.

"म्हणजे हे आले नव्हते?"

"नाही, वहिनी."

वाचकहो, यंत्र चमत्कार करू लागलं तर त्याच्यापुढे नारळ फोडू नका. वीज बंद करा, जाणत्याला बोलवा. आणि जिथं मरण झालंय त्या घरी जाऊन बसा. आपण बसलो नाही, तर बुवा येऊन बसतो. ती दुरुस्ती सोडली, तर मी ‘उद्या येतो’ म्हटल्याच्या लाजेनं इतके दिवस फाटकावरूनच परतत होतो.

वहिनी हातांवरच्या फोडांकडे पाहत बोलल्या, "मास्तर, गिझर कशाला हवा होता हो? मी गॅसवर पातेलंभर पाणी तापवलं असतं, तरी झाली असती त्यांची आंघोळ."